केळीवाली बाई

(सुलोचनाबाई ठाणे पूर्वेला, कोपरीत, एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटतात. दुपारच्या सुट्टीत, दोन-तीन बैठकांत त्यांनी हे सांगितलं.)

माझं माहेर पोलादपूरकडचं, डोंगरातली वाडी, एसटी खाली फाट्यावर सोडायची आणि तिथनं दीड तास चढ, डोक्यावर बोजा असला तर दोन तास. आता रस्ता झालाय बोलतात, मी जाऊन बघितला नाय, तिकडे आता आहे कोण, भाऊ होता तो गेला. तर सांगायचं काय, माकडं मी लहानपणापासून बघितलेली. पण आमच्याकडे माकडाला कोणी केळं द्यायचं नाय, माकडाला दगड. माझी आई वरीच्या शेतात गोफण घेऊन बसायची, टोळी आली की अशी ओरडायची की समोरच्या डोंगरावरनं आवाज परत यायचा. एकदा आम्ही सगळी लग्नाला गेलेलो, दोन दिवस, आणि परत आलो तर शेत असं झालेलं जसं काय कोणी झोपून लोळलंय त्याच्यावर. आई त्या शेताच्या बांधावर बसून राहिली, जेवायला उठली नाय. म्हणजे हे मला सगळं ठाऊक होतं, बघा ताई. ठाऊक असून मी पुढे केलं ते केलं.

एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन कोपरीत आले. चाळीतली एक खोली, ती अजून तीच आहे. आमचे मिस्टर वागळे इस्टेटला एका कंपनीत हेल्पर होते, मग कंपनी बंद झाली, मग वर्तकनगरला एका सोसायटीत वॉचमन लागले ते शेवटपर्यंत तिथेच. माणूस गरीब, गरीब म्हणजे स्वभावाने, आवाज कसा तो नाय. दारू नाय, तंबाखू नाय, मला कधी अगं मूर्ख असं पण बोलले नाय. मूल नाय झालं आम्हाला. म्हणजे झालं, एकदा राहिलं, सातव्या महिन्यात गेलं. मुलगी होती. सिस्टर बोलली बघायचंय का, मी बोलले नको. आता वाटतं बघायला पाहिजे होतं. असो.

तर त्या सोसायटीत यांच्याबरोबर दुसरा एक वॉचमन होता, तो यांना बोलला की तू शनिवारी येऊरला जाऊन माकडांना केळी घाल, मारुतीची सेवा आहे, तुझ्या घरात पाळणा हलेल. येऊर म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्या नॅशनल पार्कची ठाण्याकडची बाजू. यांनी एक जुनी स्कूटर घेतली आणि आमचा शनिवार सुरू झाला. सकाळी दोन डझन केळी पिशवीत घ्यायची, मी मागे बसायचं, पिशवी दोघांच्या मध्ये, कोपरीतनं पुलाखालनं पलीकडे, मग वर्तकनगर, उपवनचा तलाव, आणि मग तो चढाचा रस्ता, झाडं सुरू झाली की गार वारा लागायचा कानाला. वर एक वळण होतं, तिथे टोळी बसायची. आणि गंमत काय सांगू तुम्हाला, त्या वळणावर फॉरेस्टवाल्यांची पाटी होती, वन्यप्राण्यांना खाऊ घालू नका म्हणून, आणि आमच्या स्कूटरचा स्टँड ढिला होता, तर मिस्टर स्कूटर नेमकी त्या पाटीला टेकवून लावायचे. वीस वर्षं लावली. वाचता येत होतं दोघांना.

पाळणा काय हलला नाय. डॉक्टर पण एक दिवशी बोलले की बाई आता वय झालं, सोडा विचार. मला वाटलं आता शनिवार पण सुटणार. पण त्या शनिवारी हे सकाळी उठून केळी घेऊन आलेच, मला बोलले चल. मी बोलले आता कशाला, तर बोलले, अगं ती वाट बघत असतील.

खरंच वाट बघायची. स्कूटरचा आवाज उपवनच्या पुढे आला की झाडावरनं उतरायला लागायची. त्यात एक होता, त्याला यांनी गुंड्या नाव ठेवलेलं, शेपटीला मध्येच गाठ होती, जन्माचीच असेल. आईच्या पोटाला लोंबकळत होता तेव्हापासून बघितलेला. बाकीची हिसकावून पळायची, हा यांच्यासमोर बसायचा, हात पुढे करायचा आणि यांनी सोलून दिलं की घ्यायचा. सोललेलंच पाहिजे. आणि हे त्याच्याशी बोलायचे, काय रे गुंड्या, आठवडाभर काय केलंस, मारामारी केलीस काय, ओठाला काय लागलंय बघू. हा माणूस घरात चार वाक्यं बोलायचा नाय आणि तिथे अर्धा अर्धा तास बोलायचा. मी पाटीजवळच्या दगडावर बसून बघायची. शनिवारचा तो एक तास, ताई, आमच्या संसारात तेवढाच तास असायचा जेव्हा आम्ही दोघं मोकळं हसायचो. बाकी घरात ते एक होतं ना, नसलेलं, ते बसलेलं असायचं आमच्या मध्ये.

जंगल बघितलं म्हणाल तर नाय बघितलं. लोकांना सांगायचो आम्ही दर शनिवारी जंगलात जातो, पण त्या वळणाच्या पुढे वीस वर्षांत एकदा पाय टाकला नाय. आत पाडे आहेत, आदिवासी माणसं राहतात, हे ठाऊक होतं, त्यांच्या बायका डोक्यावर टोपल्या घेऊन खाली बाजाराला जाताना दिसायच्या. आमच्याकडे बघायच्या. आम्हाला वाटायचं कौतुकाने बघतात.

मग एक फॉरेस्टवाली पोरगी आली तिकडे ड्युटीला. खाकी कपडे, केसांचा घट्ट अंबाडा, पंचविशीची असेल. तिने यांना हात जोडून सांगितलं, काका, देऊ नका केळी, ती स्वतःचं खाणं शोधायची विसरतात, रस्त्यावर येऊन बसतात, उद्या कोणाच्या अंगावर गेली तर त्रास त्यांनाच होणार. हे बोलले, मारुतीचं आहे, तुमच्या सरकारचं नाय. ती बोलली दंड करावा लागेल मला. हे बोलले कर, मुलीसारखी आहेस, कर. तिने केला नाय. तशीच निघून गेली. परत येताना स्कूटरवर हे मला बोलले, नवीन आहे, शिकेल. आणि आम्ही दोघं हसलो, त्या पोरीला हसलो आम्ही. आज ते आठवलं की मला कसंतरी होतं.

मिस्टर गेले ते दुपारचे गेले. ड्युटीवर खुर्चीत बसलेले, सोसायटीतल्या एका बाईंनी रिक्षातनं पार्सल उतरवायला हाक मारली तर उठले नाय. छातीत दुखतंय असं सकाळी बोललेले, मी बोलले ॲसिडिटी असेल, थंड दूध घ्या. दिलं पण मीच. तेराव्यानंतर पहिला शनिवार आला तेव्हा मी बसने गेले, केळी घेऊन, उपवनला उतरून वर चालत. दम लागला. टोळी बसलेली होती, मला बघून उतरली, पण ताई, ती माझ्याकडे बघतच नव्हती, माझ्या मागे बघत होती, रस्त्याच्या खालच्या बाजूला. गुंड्या तर पाटीच्या बुडाशी जाऊन बसला. मी त्याला बोलले, अरे नाय येत ते आता. आणि मला जे रडू आलं ना, सगळे नातेवाईक होते घरी तेव्हा नाय आलं तेवढं तिथे आलं. केळं सोलून दिलं, त्याने घेतलं. माझ्या हातनं पहिल्यांदाच घेतलं.

त्यानंतर मी तीन-साडेतीन वर्षं गेले. ताप असला तरी गेले. पोळी केंद्रात मालकिणीला सांगून ठेवलेलं, शनिवारी मी दुपारनंतर येणार, पगार काप पण सकाळ माझी. लोकं बोलायची किती करते बाई नवऱ्याच्या मागे. मला बरं वाटायचं ते ऐकून, खोटं कशाला बोलू.

पण तोपर्यंत येऊरला माणसं फार वाढलेली. शनिवार-रविवार गाड्यांची रांग. पोरं-पोरी यायची, वेफर्सची पाकिटं, कोल्ड्रिंक, माकडाला बाटली द्यायची आणि तो पितो कसा त्याचे व्हिडिओ. बाटल्या झाडीत फेकून द्यायची. मला त्यांचा राग यायचा. मी बोलायची पण, अरे हे काय देता, देताय तर फळ द्या. म्हणजे मला मी वेगळी वाटायची, बघा. त्या पोरांचं ते पाप, माझं पुण्य. माकडं आता झाडावर जायचीच नाय, कठड्यावर बसलेली, गाडी थांबली की काचेवर. कोणाच्या हातात पिशवी दिसली की पिशवीवर. माझी पण एकदा फाडली. मी बोलले, भूक लागली असेल.

एका शनिवारी मी पलीकडच्या बाजूला उभी होते, पावसाने माझ्या दगडाकडे चिखल झालेला म्हणून. टोळी कठड्यावर, म्हणजे मध्ये रस्ता. मी पिशवीत हात घातला, तशी सगळी एकदम माझ्याकडे धावली आणि वळणावरनं गाडी आली. एक पिल्लू गेलं. आवाज पण आला नाय काय मोठा. त्याच्या आईने त्याला उचललं, छातीशी धरलं, आणि झाडावर जाऊन बसली. मी त्या गाडीवाल्याला नाय नाय ते बोलले, तुझं वाटोळं होईल बोलले, तो बिचारा उतरून हात जोडून उभा, त्याच्या गाडीत त्याची म्हातारी आई होती. पुढच्या शनिवारी गेले तर ती माकडीण ते पिल्लू तसंच घेऊन बसलेली. आठ दिवस, ताई. सुकलेलं, चामड्यासारखं. एका हाताने ते धरलेलं आणि दुसऱ्या हाताने माझ्याकडनं केळं घेतलं तिने. मी घरी येऊन सगळ्या चाळीला सांगितलं गाडीवाले कसे असतात. पिशवीत हात कोणी घातला ते नाय सांगितलं. मला तेव्हा ते सुचलंच नाय, शप्पथ.

मग जनी आली. जनी म्हणजे तिथल्या पाड्यातली बाई, वारली, माझ्याच वयाची, काटक. मी वळणावर बसलेली, केळी संपत आलेली, आणि ही समोर येऊन उभी राहिली. बोलली, तूच का गं ती केळीवाली बाई. मी हसले. मला वाटलं आपलं नाव झालंय इकडे. खरं सांगते, मला वाटलं हिला पण केळी पाहिजेत, मी एक पुढे केलं. तिने घेतलं नाय. बोलली, चल माझ्याबरोबर. मी बोलले कुठे, तर बोलली, घरी चल माझ्या, लांब नाय. आवाज चढवला नाय तिने जरा पण. ओरडली असती तर मी पण ओरडले असते आणि तिथेच मिटलं असतं. तिच्या मागे मुकाट गेले.

कुडाचं घर, सारवलेलं अंगण. पडवीत एक पोरगी बसलेली, सात-आठ वर्षांची, रोशनी, जनीच्या मुलाची मुलगी. कोपरापासून मनगटापर्यंत पट्टी. झालेलं असं की बुधवारी घरी पाहुणे आले म्हणून जनीने तिला दुकानात पाठवलं, बिस्किटं आणि दूध आणायला. येताना माकडाने पिशवी धरली. पिशवी सोडली असती तर काय झालं नसतं, पण पोरीला वाटलं आजी ओरडेल, तिने घट्ट धरून ठेवली. तर तो चावला. साधा नाय चावला, मांसच काढलं. सरकारी दवाखान्यात नेलं, टाके घातले, इंजेक्शनं चालू होती, अजून तीन घ्यायची होती.

मी वाकून त्या पोरीला बघायला गेले, बाळा कसं आहे आता असं बोलले, आणि माझ्या हातात ती पिशवी होती, केळ्याच्या वासाची. पोरीने पिशवी बघितली आणि अशी किंचाळली ताई, आणि बसल्या बसल्या मागे सरकत सरकत भिंतीला जाऊन चिकटली. मी पिशवी बाहेर फेकली अंगणात, बोलले हे बघ नाय आता, हे बघ माझे हात. पण तोपर्यंत तिला मीच पिशवी झालेले.

जनीने मला घराच्या मागे नेलं. तिथे तिची वाडी होती, काकडी, शिराळी, भेंडी, तेच घेऊन ती खाली बाजारात बसायची. आता नुसते मांडव उभे, वेल नाय. बोलली दोन वर्षं लावायचंच सोडलंय, लावलं की उपटून टाकतात, खात पण नाय सगळं, उपटतात. मी त्या मांडवाखाली उभी राहिले आणि मला माझी आई दिसली, त्या बांधावर बसलेली. मी जनीला बोलले की मी शनिवारीच येते गं, एकच दिवस, ते पण तासभर. ती बोलली, तेच तर. तू शनिवारी येते नि जाते. बाकीचे सहा दिवस त्यांची भूक माझ्या दारात बसते.

मग मी विचारलं, कोणता चावला. बोलली, मोठा नर आहे, शेपटीला गाठ आहे त्याच्या.

मी तिथेच खाली बसले. तिला कळेना मला काय झालं, तिने पाणी आणून दिलं. तिच्या नातीला माझ्यामुळे असं झालेलं आणि पाणी ती मला देत होती. मी तिला सांगितलं सगळं, मिस्टरांचं, गुंड्याचं, सातव्या महिन्यात गेलेल्या मुलीचं पण सांगितलं, का सांगितलं ठाऊक नाय. ती ऐकत होती. जाताना तिने माझा फोन नंबर मुलाकडनं मोबाईलमध्ये टाकून घेतला.

मंगळवारी फोन आला, आम्ही कणीक मळत होतो केंद्रात. जनी बोलली, पिंजऱ्यात घेतलाय, नेणार आहेत, यायचं तर ये. मी हात धुतले तसे न धुतले, निघाले. वाटेत एका हातगाडीवरनं एक केळं घेतलं, एकच, आणि पदराखाली धरलं. पाड्याच्या तोंडाशी फॉरेस्टची जीप उभी होती आणि मागे पिंजरा. त्याला धरायला काय त्रास पडला नाय म्हणे, केळं ठेवलं आत आणि आला, बसून खात होता दार पडलं तेव्हा.

मला बघितलं त्याने. ओरडत होता तो गप्प झाला. आणि गजातनं हात बाहेर काढला, असा, तळवा वर. जसा यांच्यासमोर करायचा तसा.

पदराखाली केळं होतं, ताई. जीपच्या पलीकडे जनीचं घर, पडवीतनं त्या पोरीचा आवाज येत होता, माकड परत घराजवळ आलंय म्हणून ती घाबरून रडत होती. जनी माझ्याकडे बघत होती. ती फॉरेस्टवाली मॅडम पण, तीच ती, आता जरा मोठी दिसत होती, तिला पदराखालचं कळलेलं. पण देऊ नका असं ती बोलली नाय. मी नाय दिलं. तो हात तसाच बाहेर, जीप चालू झाली तरी तसाच, वळेपर्यंत मला दिसत होता.

मी मॅडमला विचारलं, कुठे नेता. बोलली लांब, आत, जिथे रस्ता नाय, माणूस नाय. मी बोलले जगेल का. तिने खोटं नाय सांगितलं. बोलली, काकू, लहान असता तर सांगता आलं असतं, तिथल्या टोळीने घेतलं पाहिजे, स्वतःचं शोधता आलं पाहिजे. सोललेलं केळं खाणारा तो, त्याला काय शोधता येणार, हे माझ्या मनात आलं, बोलले नाय. मग तीच बोलली, काका होते तेव्हा मला नीट समजावता आलं नाय, मी घाबरायचे तेव्हा लोकांना. मी बोलले अगं तू काय कमी सांगितलंस. ते केळं मी घरी आणलं. काळं पडलं तरी फळीवर होतं, खाल्लं नाय, टाकवेना पण. शेवटी शेजारणीने टाकलं, माशा झालेल्या.

मॅडमने मला सांगितलं, आता वर्षभर इकडे येऊ नका, रिकाम्या हातांनी पण नको, ती तुम्हाला ओळखतात, चालण्यावरनं ओळखतात. मी बोलले, मग शनिवारी मी काय करू. चोवीस-पंचवीस वर्षांची सवय ती. तिने माझा हात धरला थोडा वेळ.

ते वर्ष कसं काढलं ते विचारू नका. शनिवारी सकाळी पण कामावर जायला लागले. मालकीण खूष. घरी येऊन यांच्या फोटोशी भांडायची. बोलायची, तुम्ही सुटलात, पुण्य घेऊन गेलात, आणि निस्तरायला मी. मग स्वतःलाच वाईट वाटायचं, या माणसाला आयुष्यात काय पाहिजे होतं, तर कोणीतरी आपल्याकडे बघून धावत यावं, एवढंच. दुसऱ्या माणसांना ते घरातच मिळतं. त्याने काय वाईट चिंतलं होतं कोणाचं. पण वाईट झालं. चांगल्या मनाने केलं म्हणून त्या पोरीच्या हाताचं मांस काय परत येत नाय.

दीड वर्षाने जनीचाच फोन आला. बोलली, थंडी आहे, चल एक दिवस, पण माझ्यासारखी चल. म्हणजे काय, तर पिशवी नाय, खायचं नाय, पाण्याची बाटली फक्त आणि ती परत घरी आणायची, मोबाईलचा आवाज बंद. फाटकावर नाव लिहिलं, मॅडमला सांगितलं, आणि वळणाकडनं न जाता तिने मला पाड्याच्या मागच्या पायवाटेने नेलं, जिथपर्यंत जायची मुभा आहे तिथपर्यंत. पहिल्यांदा आत गेले मी. सागाची पानं एवढी मोठी वाळून पडलेली, पाय टाकला की पापडासारखी वाजायची, तर जनी बोलली हळू, सगळ्यांना कळतंय तू आलीस ते. एक ओढा होता बारीक, त्याच्या काठच्या चिखलात खूर उमटलेले, तिने बोटाने दाखवलं, हात लावू दिला नाय. मग उंबराचं झाड आलं, वरनं फळं टपटप पडत होती, बघते तर टोळी. कोणती टोळी ते मला नाय ठाऊक, जनीला पण नाय. दहा-बारा असतील, पिल्लं पण होती. आम्ही खाली गप्प बसलो, अर्धा तास. एक पण खाली उतरलं नाय. एकाने बघितलं माझ्याकडे आणि परत खायला लागलं. मला फार रडू आलं, तोंडावर पदर धरून रडले, आवाज होऊ नये म्हणून. यांना हे दाखवायचं राहिलं. एवढं जवळ होतं, वळणाच्या पुढे.

गुंड्याची शोधाशोध मी केली नाय. मॅडमला पण परत विचारलं नाय. विचारलं तर ती खरं सांगेल.

आता मी महिन्या-दोन महिन्यांतनं एकदा जाते, जनीकडेच जाते. तिने यंदा शिराळी लावलीत, बघू बोलते. वळणावरचं काय सुधारलेलं नाय, गाड्या थांबतातच. मागच्या वेळी एक बाई उतरली, चांगल्या घरातली, तिच्या हातात केळी. मी जवळ जाऊन सांगितलं, बाई नका देऊ, मी पंचवीस वर्षं दिली, माझं ऐका. ती बोलली, काकू तुमचं काय जातंय. मी बाजूला झाले. पुढच्या वेळी परत सांगेन दुसऱ्या कोणाला, दहांत एक ऐकतो, दोघं शिव्या घालतात, घालू देत.

रोशनी आता पाचवीत गेली. हात वाकतो, पण पूर्ण सरळ होत नाय, आणि वण आहे तो राहणार. मी गेले की ती आत जाते आणि दाराच्या फटीतनं बघते, अजून. जनी ओरडते तिला, अगं आजी आहे ती, ये बाहेर. मी जनीला बोलले, नको ओरडू, नको बोलावू. मी अंगणाच्या या टोकाला बसते, चहा पिते, आणि निघताना दाराकडे बघून लांबनंच बोलते, येते गं बाय, सुखात राहा, खूप शिक. मी चपला घालते आणि निघते.